नीटचे प्रश्न: रोज दोनशे, की पन्नासच पण नीट?

झेरॉक्सवाले अप्पा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला माझं लहानसं झेरॉक्सचं दुकान आहे. थोरली मुलगी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीव). दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूला एकदम सगळं इंग्रजी. डॉक्टर व्हायचं म्हणते, म्हणून मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा देणार. आम्ही नको म्हटलं नाही.

क्लासचे सर सांगतात, रोज दोनशे प्रश्न झालेच पाहिजेत. ती करते. पहाटे चारला उठून करते, मी रात्री शटर ओढून घरी येतो तेव्हाही करतच असते. खरं मार्क काही हलत नाहीत. चार टेस्ट झाल्या, ७२० पैकी ३८० ते ४०० मध्येच घुटमळते आहे. गेल्या रविवारी ३९६.

मी स्वतः बी.कॉम., त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. दोन गोष्टी सांगा. सरावाची आणखी पुस्तकं आणू का? तीन सेकंडहँड आणलीत, आणखी दोन नजरेत आहेत. आणि एक पाहुणे म्हणाले, कोल्हापूरचं सेंटर टाका, तिथं मराठी पेपर मिळतो, पोरीला वाचायला सोपं जाईल. तसं करावं का?

येळ्ळूरकर

अप्पा, पहिल्यांदा पोरगीला झोपू द्या की वो. चारला उठून रात्री अकरापर्यंत कोण बसतंय. शेतात बैलसुद्धा दुपारी सोडतो आम्ही.

पीयू मास्तर

मी भौतिकशास्त्र शिकवतो, याच जिल्ह्यात. पुस्तकांबद्दल आधी. सेकंडहँड पुस्तकं कोणत्या सालची आहेत ते बघा. २०२४ पासून नीटचा अभ्यासक्रम कमी झाला आहे. रसायनातून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स गेले. जीवशास्त्रातून वनस्पतींमधलं वहन, पचनसंस्थेचा धडा, पर्यावरणाचे प्रश्न हा धडा, असं बरंच गेलं. तुमची मुलगी जुन्या पुस्तकातून पॉलिमर्सचे ऐंशी प्रश्न सोडवत बसली असेल तर ते पुण्यकर्म आहे, नीटला उपयोग नाही.

दुसरं, मागच्या वर्षांचे पेपर देताना वेळ कशी लावताय? २०२१ ते २०२४ मध्ये प्रत्येक विषयात ब विभाग होता, १५ पैकी १० सोडवायचे. २०२५ ला ते सगळं काढून सरळ १८० प्रश्न, १८० मिनिटं. भौतिक ४५, रसायन ४५, जीव ९०. निवड नाही. जुना पेपर जुन्या हिशेबाने सोडवला की मुलांना आपण बरे आहोत असं वाटतं, कारण नको ते प्रश्न सोडून देता येतात.

निपाणीचा तंबाखू

मिनिटाला एक प्रश्न? मला बायकोच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला अर्धा तास लागतो, आणि तिथं निगेटिव्ह मार्किंग चारपट आहे.

दुसऱ्यांदा नीट

मी रिपीटर. खानापूर तालुका, दहावीपर्यंत मराठी शाळा, अगदी ताईसारखंच. काका, मी गेल्या वर्षी वहीवर लिहून ठेवायचो, आज २१०, आज २३०. वर्षभरात पन्नास हजारांच्या आसपास प्रश्न केले असतील. निकाल लागल्यावर कळलं की मी पन्नास हजार प्रश्न केलेच नव्हते. जे येत होतं ते पुन्हा पुन्हा केलं होतं आणि जे येत नव्हतं त्याचं उत्तर मागे बघून 'हां हां, हेच म्हणायचं होतं' म्हणून पुढे गेलो होतो.

या वर्षी एक वही केली आहे. चुकलेला प्रश्न त्यात जातो. उत्तर लिहायचं नाही, का चुकलो तेवढंच एका ओळीत. आठवड्याने तोच प्रश्न कोरा सोडवायचा. दिवसाला साठ-सत्तरच होतात. आईला वाटतं पोरगा आळशी झाला.

डॉ. टाके

साठ-सत्तर पुरेत, असं सरसकट सांगू नका. जीवशास्त्राला चालेल. भौतिकाला हात बसावा लागतो आणि हात संख्येनेच बसतो. टाके घालायला कोणी पुस्तक वाचून शिकत नाही. मी शिकाऊ असताना उशीच्या अभ्र्यावर शेकड्यांनी घातलेत.

आमच्या वेळी नीट नव्हती, सीईटी होती. काउन्सेलिंगला बंगळुरूला जायचं म्हणून वडिलांनी नवी बॅग घेतली होती, ती अजून आहे. असो.

दुसऱ्यांदा नीट

डॉक्टरसाहेब, मान्य. पण अभ्र्यावर टाका वाकडा पडला की तुम्ही उसवून परत घालत होता ना? मी उसवतच नव्हतो.

डॉ. टाके

बरोबर पकडलंस. सीनियर उसवायला लावायचे, आणि शिव्या वेगळ्या.

खानापूरची सून

मराठी पेपरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या दिराच्या मुलाच्या वेळी हे सगळं बघितलंय. नीट १३ भाषांत होते हे खरं. पण प्रादेशिक भाषेचा पेपर त्या त्या राज्यातल्या सेंटरवरच मिळतो. मराठी फक्त महाराष्ट्रात. बेळगावात बसलात तर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. म्हणजे घर टिळकवाडीत, शाळा मराठी, बाजार मराठी, भांडण मराठी, आणि पेपर तेवढा मराठीत नाही.

नाथ पै सर्कल

हाच तर आपला मुद्दा आहे ७० वर्षांपासून! १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा

संपादक

नाथ पै सर्कल, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि त्यावर तुमचेच चारशे प्रतिसाद आहेत. इथे नीट.

नाथ पै सर्कल

नीटच बोलत होतो. बरं, कामाचं सांगतो. महाराष्ट्राच्या सरकारी मेडिकल प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी मोजक्या जागा राखीव असतात. सेंटर कुठलंही असलं तरी त्याचा संबंध नाही, कागदपत्रांचा आहे. रहिवासाचा दाखला, शाळेचे दाखले आत्तापासून जमवा. निकाल लागल्यावर तहसीलला गेलात तर शिपायाशीच जास्त ओळख होईल.

चंदगडी

आम्ही महाराष्ट्रातले, पण सगळा व्यवहार बेळगावचा. दवाखाना बेळगाव, कापड बेळगाव, क्लास बेळगाव. शिनोळी ओलांडली की राज्य बदलतं, भाषा नाही. माझ्या बहिणीने कोल्हापुरात मराठी पेपर घेतला होता. पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजीच अंतिम धरतात. शेवटी ती इंग्रजीच वाचत बसली. ती म्हणाली, 'बल आघूर्ण' वाचून मला घामच फुटला. टॉर्क म्हटलं असतं तर आलं असतं.

कुंदा आणि मी

बल आघूर्ण 😂 हे नाव ऐकून एखादा पैलवान डोळ्यांसमोर येतो. आज आनंदवाडी आखाड्यात बल आघूर्ण विरुद्ध जडत्व आघूर्ण, निकाली कुस्ती.

येळ्ळूरकर

जडत्व आघूर्ण जिंकणार. हलतच नाही तो.

पीयू मास्तर

हसा, पण चंदगडींनी नेमकं सांगितलं. दोन वर्षं पीयूला सगळं इंग्रजीत शिकल्यावर मराठी परिभाषा हाताशी राहत नाही. तंतुकणिका, हरितलवक, परासरण, अपस्करण हे शब्द दहावीत माहीत होते, पण अकरावी-बारावीच्या पातळीवर ते मूल कधी वापरतच नाही. त्यात कोल्हापूर म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. पेपर दुपारी दोनला, दीडला गेट बंद. सीमेवर काही पेटलं की दोन्हीकडच्या बस पहिल्यांदा थांबतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. माझं मत, बेळगावच घ्या आणि इंग्रजी वाचायचा सराव करा.

मराठीचा उपयोग नाही असं मात्र नाही. विचार मराठीतच करू द्या. एक उदाहरण देतो. १०⁻⁸ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? पर्यायांत ८ असतोच. सूत्रात घातलं की ८ येतो आणि वर्गातली निम्मी मुलं ते रंगवतात. मी एवढंच विचारतो, बाळांनो, पाण्यात आम्ल घातलं आणि पाणी आम्लारी झालं? मग डोक्यात प्रकाश पडतो. पाण्याचे स्वतःचे १०⁻⁷ हायड्रोजन आयन आधीच आहेत, ते धरायला हवेत. उत्तर ६.९८ च्या आसपास, म्हणजे सातच्या किंचित खाली. हा प्रश्न दहा वेळा सोडवून येत नाही, एकदा मातृभाषेत स्वतःला विचारून येतो.

बसवण्णा गल्ली

माझं घरी कन्नड, दोस्त सगळे मराठी, म्हणून इथं असतो. एक सांगतो, कन्नड माध्यमाच्या मुलांना इथं कन्नड पेपर मिळतो खरं, तरी माझ्या धाकट्या भावाने इंग्रजीच घेतला. कारण तेच. पीयूत शिकलो इंग्रजी, मग पेपरात कन्नड शब्द अनोळखी. दहावीचा आणि पीयूचा मधला पूल सगळ्यांचाच मोडका आहे, अप्पा. आमचा पण.

कर्नाटकात काउन्सेलिंग केईए (राज्याचं परीक्षा प्राधिकरण) करते. पहिली ते दहावी गावात शिकलेल्यांना ग्रामीण १५ टक्के आणि कन्नड माध्यमवाल्यांना ५ टक्के आहे. तुमची शहापूरची शाळा, तुम्हाला दोन्ही नाही. पण इथल्या गाववाल्यांनी लक्षात ठेवा.

खानापूरची सून

ग्रामीणचं नवीन कळलं, धन्यवाद दादा. पुतण्याचं गेलंच ते, लहान आहे त्याच्यासाठी ठेवते.

निपाणीचा तंबाखू

मला एक सांगा, येत नाही तो प्रश्न सोडायचा की ठोकायचा? आमचा पोरगा म्हणतो, 'पप्पा, क्लासमध्ये सांगितलंय, शंका असेल तर हात लावू नका.'

पीयू मास्तर

गणित करून बघा. बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारही पर्याय अंधारात असतील तर चारातून एकदा ४ मिळतात, तीनदा १ जातो. चार प्रश्नांत एक गुण हाती, म्हणजे प्रश्नाला पाव गुण. डोळे झाकून १८० च्या १८० ठोकले तरी सरासरी ४५ गुण पडतात. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर प्रश्नामागे साधारण दोन तृतीयांश गुण, दोन खोडता आले तर दीड. म्हणजे 'हात लावू नका' हे गणिताला धरून नाही.

दुसऱ्यांदा नीट

सर, कागदावर बरोबर आहे. पण पेपर काढणाऱ्याला आपलं 'अर्धवट येतं' माहीत असतं. तो पर्यायच असा घालतो की अर्धवट येणारा नेमका तिथं जाऊन पडेल. वरच्या पीएचमध्ये ८ आहे ना, तसा. तिथं माझी शक्यता चारात एक नसते, शून्य असते. मी एवढाच नियम ठेवलाय: एक पर्याय का चूक ते मनात सांगता आलं तरच ठोकायचं.

पीयू मास्तर

मान्य. आंधळ्यापेक्षा अर्धवट धोक्याचा. माझा हिशेब आंधळ्याचा होता.

कुंदा आणि मी

मी तीन वर्षं आंधळाच होतो, आता बँकेत आहे. चालतंय.

झेरॉक्सवाले अप्पा

सगळ्यांचे आभार. जुनी पुस्तकं तपासली. एक २०१९ चं निघालं, रद्दीत टाकलं. दुसऱ्यातली गेलेली प्रकरणं स्टेपल करून टाकली, उघडूच नयेत म्हणून.

मग दुसऱ्यांदा नीट यांच्या वहीचं तिला वाचून दाखवलं. तिने शेवटच्या टेस्टवर ते केलं. दुकानात बसूनच केलं, गिऱ्हाईक येत-जात होतं. त्या टेस्टला १६४ सोडवले होते, ११२ बरोबर, ५२ चूक. ४४८ वजा ५२, ३९६. त्या ५२ ची तिने वाटणी केली:

प्रश्नच चुकीचा वाचला: १९
मुळात येत नव्हतं: १४
आकडेमोड, एकक, घातांक: ११
ठोकला: ८

हे १९ बघून मी हातातलं काम सोडलं. येत असलेले १९ प्रश्न नुसते वाचण्यात गेले. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे' हे तिने 'बरोबर' म्हणून सोडवलेलं. 'एक्सेप्ट' कडे लक्ष नाही. 'इनकरेक्ट' मधला 'इन' दिसलाच नाही.

डॉ. टाके

एका चुकीला पाच गुण जातात हे लक्षात घ्या. मिळणारे चार आणि कापलेला एक. १९ गुणिले ५, ९५. तुमची मुलगी आजच ४९१ ची आहे. हे बघून तिला रात्री झोप लागेल अशी आशा.

बसवण्णा गल्ली

दोन विधानं देतात त्याचं पण बघा. 'स्टेटमेंट वन, स्टेटमेंट टू'. भावाचं तिथंच जायचं. घाईत पहिलं वाचलं की दुसरं त्याच्याशी जोडून वाचतो माणूस. दोन्ही स्वतंत्र वाचायची, दोन्हीपुढे बरोबर-चूक खूण करायची आणि मगच पर्याय बघायचे.

नाथ पै सर्कल

दोन विधानांवरून आठवलं. २०२४ चा तो अणूचा प्रश्न! 'प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात' की नाही. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात एक, नव्यात दुसरं. आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. आधी ७२० पैकी ७२० वाले ६१ उरले होते, त्यांचे १७ झाले. एका ओळीपायी!

पीयू मास्तर

म्हणूनच नवं पुस्तक वापरा म्हणतोय. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २०२५ ला, भौतिक असं आलं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. त्यामुळे गेल्या वर्षीच्या गुणांवर यंदाचा अंदाज बांधत बसू नये.

येळ्ळूरकर

माझा पण एक प्रश्न. बेळगावहून खानापूरला ताशी ४० ने गेलो, ६० ने आलो. सरासरी वेग किती? पोरगं ५० म्हणालं.

दुसऱ्यांदा नीट

४८. अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही. हळू जाताना जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी ४० कडे झुकते.

खानापूरची सून

आमच्या रस्त्यावर ६० ने आलात? कुठल्या साली?

चंदगडी

अप्पा, वाचण्यासाठी एक उपाय. बहिणीने शेवटचे तीन महिने हे केलं होतं. प्रश्न वाचताना 'नॉट', 'इनकरेक्ट', 'एक्सेप्ट', 'ओन्ली' यांना गोल. पुस्तिकेवर खुणा चालतात. ओएमआरवर, म्हणजे उत्तरांचे गोल रंगवायच्या कागदावर, मात्र गोलाशिवाय काही नाही. पहिला महिना वेळ जास्त लागतो, मग डोळाच तिथं जातो.

झेरॉक्सवाले अप्पा

सुरू केलं. ओएमआरचे कोरे कागद मी छापून ठेवलेत, काळ्या बॉलपेनने भरायला. इथल्या कोणाच्या मुलांना हवे असतील तर दुकानात या, पैसे नकोत.

आता ती दिवसाला नव्वदच करते. चार-पाच दिवस क्लासच्या सरांना खोटं सांगितलं, दोनशे झाले म्हणून. मला ते आवडलं नाही. काल मीच फोन करून खरं सांगितलं. सर थोडे चिडले, मग म्हणाले बघू पुढच्या टेस्टला.

झेरॉक्सवाले अप्पा

टेस्ट झाली. ४३८. वाचण्यातल्या चुका ७. येत नसलेले १६, म्हणजे ते थोडे वाढलेत. आता ठोकत मात्र नाही, सोडून देते. भौतिक अजून अवघडच आहे.

तिनं तुम्हा सगळ्यांसाठी एक प्रश्न दिलाय. तिचा दोनदा चुकला होता. नर मधमाशीबद्दल कोणतं विधान चूक आहे? अ) त्याला १६ गुणसूत्रं असतात. ब) त्याला वडील नसतात. क) त्याला आजोबा नसतात. ड) तो सूत्री विभाजनाने शुक्राणू तयार करतो.

निपाणीचा तंबाखू

ब. वडील नसतील असं कसं होईल.

डॉ. टाके

मी सांगू नये, पण ब नाही.

निपाणीचा तंबाखू

मग ड. विभाजनाचं मला काही कळत नाही, म्हणजे तेच चूक असणार.

दुसऱ्यांदा नीट

क. नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, म्हणून १६ गुणसूत्रं आणि बाप नाही. अर्धीच गुणसूत्रं असल्यामुळे अर्धसूत्री विभाजन शक्य नाही, सूत्रीच. पण राणीमाशी फलित अंड्यातून होते, ३२ गुणसूत्रांची, तिला बाप असतो. म्हणजे नराला आईकडून आजोबा आहेत.

येळ्ळूरकर

बाप नाही, खरं आजोळ आहे. सुट्टीला जात असेल की.

निपाणीचा तंबाखू

दोन ठोकले, दोन्ही चुकले. वजा दोन. अप्पा, माझ्यासाठी पण एक ओएमआर ठेवा.